तळेगावच्या गोळ्या आणि ब्राझीलचा साप

दंडाला पट्टा बांधून, हवा भरून आणि हळूहळू सोडून नर्सताई कार्डावर १२० लिहितात. हा आकडा म्हणजे पाऱ्याची उंची, मिलिमीटरमध्ये. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो. पाऱ्याच्या जागी पाणी असतं तर तेवढ्याच दाबाने ते पाच फुटांहून वर चढलं असतं. मुठीएवढं हृदय प्रत्येक ठोक्याला एवढा जोर लावतं! स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने हे घोडीवर करून पाहिलं होतं. तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवून त्याने तिला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांपेक्षा वर चढलं. १७३३ साली हे छापून आलं. आज तो प्रयोग वाचवत नाही, पण रक्ताला दाब असतो हे माणसाने डोळ्यांनी पाहिलं ते तिथे.

मला मात्र दाब असतो यापेक्षा तो टिकतो याचं नवल वाटतं. माणूस झोपतो, उठतो, पायऱ्या चढतो, विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात घामाने निथळतो, रागावतो, उपास करतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने दाब कोलमडायला हवा किंवा आभाळाला भिडायला हवा. निरोगी शरीरात यातलं काहीच होत नाही. मग तो धरून कोण ठेवतं? हे शोधायला जगाला दीडशेहून अधिक वर्षं लागली, आणि त्या शोधातला एक धागा वर्धा जिल्ह्यातूनही गेला आहे.

तळेगाव (श्यामजी पंत) हे आष्टी तालुक्यातलं, नागपूर–अमरावती महामार्गावरचं गाव. इथूनच एक रस्ता आर्वीला जातो, एक आष्टीला. भोवती संत्र्याचे बगीचे, कापूस, तूर. हे गाव ज्या जिल्ह्यात आहे तो रक्तदाबाच्या बाबतीत देशात आधी निवडलेल्यांपैकी एक. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, केंद्र आणि राज्य सरकारं, आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही आंतरराष्ट्रीय संस्था यांचं ते एकत्र काम. पहिल्या २५ जिल्ह्यांत महाराष्ट्राचे चार होते: सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. कल्पना अगदी साधी. मोजक्याच औषधांची एक ठरलेली पायरी-पायरीची पद्धत, ती सगळ्या सरकारी दवाखान्यांत सारखी. गोळ्या महिनाभराच्या द्यायच्या, शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रातून. कोण आलं नाही याची नोंद ठेवायची आणि त्याच्यापर्यंत पोचायचं. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मला तो फार रास्त वाटतो, कारण रक्तदाब दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या आजारासाठी रोज गोळी घेत राहणं हे कोणत्याही शस्त्रक्रियेइतकं कठीण आहे.

उपक्रमातल्या औषधांची नावं अशी: ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. वापरणाऱ्यांसाठी सगळ्या ‘बीपीच्या गोळ्या’. पण या तीन गोळ्या शरीराला तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन धरतात. दाब राखणारे हात एकाहून अधिक आहेत याचा याहून सोपा पुरावा नाही.

पहिली, ॲम्लोडिपिन, बारीक धमन्यांवर काम करते. मोठ्या धमन्या रक्त वाहून नेतात, पण दाब किती राहणार हे ठरतं केसाएवढ्या आणि त्याहून बारीक धमन्यांच्या तोंडाशी. त्यांच्या भिंतीत स्नायूंचे पेशी-वेढे असतात. वेढा आवळला की वाट अरुंद होते. संत्र्याच्या बगीच्यात ओलित करणारा माणूस फावड्याने एक पाट बुजवतो, दुसरा मोकळा करतो, तसंच शरीर या वाटा उघडून-मिटून रक्त जेवल्यावर आतड्यांकडे, चालताना पायांकडे वळवतं. यातलं गणित चकित करणारं आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. केवळ दहा टक्के आवळली तरी अडथळा निम्म्याहून अधिक वाढतो. एवढ्याशा हालचालीवर एवढी मोठी सत्ता! हा वेढा आवळला जातो तो पेशीत कॅल्शियम शिरल्यामुळे, आणि ॲम्लोडिपिन त्या कॅल्शियमचं दार अरुंद करते. दार बंद करून दाब उतरवता येतो ही समज १९६० च्या दशकात जर्मनीत, फ्रायबुर्गच्या आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली.

पण वेढे कधी आवळायचे हे सांगतं कोण? बाकावरून उठून उभं राहून पाहा. त्या क्षणी अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे ओढलं जातं. मेंदू वर, रक्त खाली. खरं तर प्रत्येकाला प्रत्येक वेळी अंधारी यायला हवी. येत नाही, कारण गळ्यात जबड्याच्या कोपऱ्याखाली, जिथे नाडी लागते तिथे, धमनीच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं पेरलेली आहेत. भिंत ताणली की ती मेंदूला जोरात संदेश पाठवतात, सैल पडली की संदेश विरळ होतात. संदेश विरळ झाले की मेंदू ओळखतो, दाब पडला. पुढच्याच काही ठोक्यांत हृदय वेग घेतं, बारीक धमन्या आवळतात, शिरा पिळल्या जातात. माणूस तोवर चपला शोधत असतो. १९२० च्या दशकात जर्मनीचे हेरिंग यांनी या जागेचा अर्थ लावला. बेल्जियममधल्या गेंट शहराचे कोर्नेय हेमान्स यांनी हीच जागा श्वासोच्छ्वासाचंही नियमन करते हे दाखवलं आणि १९३८ चं नोबेल मिळवलं.

तरी एक गाठ ऐंशीएक वर्षं सुटली नव्हती. ताण हा काही रेणू नव्हे, मग मज्जातंतूच्या टोकाला तो कळतो कसा? २०१० साली आर्डेम पटापुटियन यांच्या चमूला पेशीच्या आवरणात बसणारी दोन प्रथिनं सापडली, पिएझो-१ आणि पिएझो-२. तीन पात्यांच्या पंख्यासारखा त्यांचा आकार. आवरण ताणलं की पाती सपाट होतात, मधलं छिद्र उघडतं आणि विद्युतभार असलेले कण आत घुसतात. स्पर्श यातूनच कळतो. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात ही दोन्ही प्रथिनं काढून टाकली, तेव्हा दाब सावरण्याची ही तत्काळ क्रिया नाहीशी झाली. बैरूतच्या आर्मेनियन कुटुंबात जन्मून अमेरिकेत गेलेल्या पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्वचेवरून हात फिरल्याचं ज्यामुळे कळतं, त्याच प्रथिनाने गळ्यातली धमनीही आपल्या रक्ताचा ताण ओळखते, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

या पहारेकऱ्यालाही एक मर्यादा आहे. दाब महिनोन्‌महिने चढा राहिला, तर ही टोकं त्यालाच रोजचं मानू लागतात आणि त्या चढ्या पातळीचीच राखण करतात. म्हणूनच दीडशेवर गेलेला माणूस मजेत कापूस वेचत असतो.

आता मज्जातंतूंचीच दुसरी कथा. ती सांगताना वर्ध्याला यावंच लागतं. १९३५ च्या अखेरीस गांधीजी वर्ध्यात रक्तदाबाने आजारी पडले, आणि १९३६ च्या उन्हाळ्यात ते जवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. त्यांच्या तब्येतीच्या कागदांतल्या काही नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. २६ ऑक्टोबर १९३७ : १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४० : २२०/११०. पाण्याच्या हिशेबात दोनशेवीस म्हणजे जवळजवळ तीन मीटर. त्या काळी वैद्यकाकडे यावर विश्रांती, मीठ कमी आणि झोपेची औषधं याखेरीज फारसं काही नव्हतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या डॉक्टरांचेही हात रिकामे होते.

भारतात मात्र एक मुळी होती, सर्पगंधा. गांधीजी ती घेत असल्याचे उल्लेख सापडतात. बिहार-बंगालकडे ती वेडावरचं औषध म्हणून ठाऊक होती. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ती वेडावर चालते आणि रक्तदाबावरही. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतले स्फटिक वेगळे केले, आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलिन हे नाव दिलं. पण ते सगळं भारतीय नियतकालिकांतच राहिलं. बाहेरच्या जगाने कान टवकारले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी ५० रुग्णांवर मोजून-मापून केलेल्या उपचारांचा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला, भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांना दिल्या. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सीबा कंपनीत मुळीतलं मुख्य द्रव्य शुद्ध रूपात हाती आलं, रेझर्पिन. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

इथवरची कथा औषधाची. माझ्या मते खरं आश्चर्य पुढे आहे. रेझर्पिन दाब का उतरवतं, हे विचारताना लोकांना मज्जातंतू कसा बोलतो हे कळलं. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली दिसलं की रेझर्पिन दिल्यावर मेंदूतलं सेरोटोनिन नाहीसं होतं. तिथे काही महिने शिकायला आलेले स्वीडनचे आर्विद कार्लसन परत लुंडला गेले आणि त्यांनी विचारलं, दुसरी द्रव्यंही जात असतील का? उत्तर होतं, हो. मज्जातंतूच्या टोकाशी नॉरअॅड्रेनालिन सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं, आणि तेच बारीक धमन्यांना आवळायला सांगतं. रेझर्पिन या पिशव्या भरण्याची वाटच बंद करतं. बाहेर राहिलेलं द्रव्य पेशी मोडून टाकते, पिशव्या रित्या राहतात, मेंदूने आज्ञा दिली तरी टोकाशी सांगायला काही उरत नाही. धमन्या सैल पडतात, दाब उतरतो.

कार्लसन यांनी सशांना रेझर्पिन दिलं. ससे कान पाडून निश्चल बसून राहिले. मग त्यांनी एल-डोपा, म्हणजे शरीरात ज्यापासून डोपामिन बनतं ते द्रव्य, टोचलं. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. १९५७ च्या त्या प्रयोगातून मेंदूतल्या डोपामिनचं स्वतंत्र काम उमगलं, पुढे कंपवाताच्या रुग्णांना एल-डोपा मिळालं, आणि कार्लसन यांना २००० चं नोबेल. आज कंपवाताने जखडलेला माणूस गोळी घेऊन चार पावलं चालतो, त्यात आपल्याकडच्या एका रानमुळीचा वाटा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे वाचून कुणी दवाखान्यातली गोळी सोडून बाजारातली मुळी घेऊ नये. मुळीत द्रव्य किती हे वरून कळत नाही, आणि रेझर्पिन जास्त झालं की काही रुग्णांना गाढ उदासी घेरते. ज्या पिशव्या धमनीजवळच्या तंतूंत रिकाम्या होतात त्या मेंदूतही होतात. शिवाय रानातली सर्पगंधा खणून खणून इतकी विरळ झाली आहे की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

आता दुसरी गोळी, टेल्मिसार्टन. हिची वाट स्टॉकहोमहून निघते. १८९८ मध्ये रॉबर्ट टिगरश्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बेरिमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा दाब चढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. पुढची तीन दशकं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९३४ ला अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने अरुंद केली आणि कुत्र्याचा दाब चढाच राहिला. त्यानंतर ब्युनोस आयर्स आणि इंडियानापोलिस इथल्या दोन चमूंनी एकाच सुमारास साखळी सोडवायला सुरुवात केली. यकृत एक लांब प्रथिन रक्तात सोडतं. मूत्रपिंडाला दाब कमी वाटला की ते रेनिन सोडतं, ते प्रथिनाचा दहा कड्यांचा तुकडा तोडतं. त्यातल्या दोन कड्या आणखी गळाल्या की उरतो आठ कड्यांचा अँजिओटेन्सिन, धमन्या आवळणारा आणि मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावणारा. या शेवटच्या दोन कड्या कुठे तुटतात? लंडनच्या जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेने १९६७ मध्ये दाखवलं, मुख्यतः फुप्फुसात. ज्या अवयवाला आपण केवळ श्वासाचा समजतो तो रक्तदाबाच्या कारखान्यात कामाला आहे!

आणि इथे साप येतो. ब्राझीलचा जराराका, आपल्या घोणसासारखाच फुरशांच्या कुळातला विषारी. त्याच्या दंशाने दाब कोसळतो. ब्राझीलच्या मौरिसिओ रोशा ए सिल्वा यांनी १९४९ साली या विषाच्या मदतीने रक्तातलं ब्रॅडिकायनिन शोधलं, जे धमन्या सैल करतं. त्यांचे विद्यार्थी सेर्जिओ फेरेरा यांना १९६५ मध्ये त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा एक घटक सापडला, आणि तो घेऊन ते व्हेन यांच्याकडे लंडनला आले. तिथे वाय. एस. बखले नावाचे संशोधक कुत्र्याच्या फुप्फुसातल्या, त्या दोन कड्या तोडणाऱ्या विकरावर काम करत होते. व्हेन यांनी सुचवलं, हा घटक त्यावर टाकून पाहा. बखले यांनी टाकला, आणि अँजिओटेन्सिन तयार होणं थांबलं. १९६८ च्या ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. बखले हे आडनाव मराठी वाचकाला परकं वाटू नये. रक्तदाबाच्या औषधांचा इतिहास लिहिताना ते वगळता येत नाही, आणि तरी आपल्याकडे ते किती थोड्यांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

व्हेन यांनी अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीला हे पटवलं. तिथे ब्युनोस आयर्सहून आलेले मिगेल ओंडेट्टी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड कशमन यांनी विषाचा घटक समोर ठेवून त्याहून कितीतरी लहान रेणू बांधला, तोंडाने घेता येणारा. कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. टेल्मिसार्टन याच वाटेवर पुढे आहे: अँजिओटेन्सिन तयार होऊ देतं, पण पेशीवरच्या ज्या कुलपात तो बसतो ते आधीच अडवून ठेवतं.

तिसरी गोळी, क्लोरथॅलिडोन, थेट मूत्रपिंडात मिठावर काम करते. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यासोबत जवळजवळ दीड किलो मीठ. त्यातलं जवळपास सगळं परत घेतात, चिमूटभर सोडतात. ती चिमूट किती, यावर रक्ताचं आकारमान आणि पर्यायाने दाब ठरतो. मिसिसिपीतल्या जॅक्सनचे आर्थर गायटन हे पोलिओने अधू झालेले शरीरशास्त्रज्ञ. ते शल्यविशारद व्हायला निघाले होते, आजाराने ती वाट बंद केली. त्यांनी १९७२ मध्ये सहकाऱ्यांसोबत रक्ताभिसरणाचं शेकडो समीकरणांचं प्रारूप प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं असं: गळ्यातली टोकं सेकंदांचा कारभार पाहतात, रेनिन मिनिटा-तासांचा, पण दिवसांचा आणि वर्षांचा कारभार मूत्रपिंडाचा. दाब जरा चढला की निरोगी मूत्रपिंड मीठ-पाणी सोडून तो उतरवतं. तेव्हा दाब कायमचा चढला असेल, तर मूत्रपिंडाने चढी पातळी स्वीकारली असली पाहिजे. एकाच जनुकातल्या बिघाडाने दाब बदलणारे दुर्मिळ आजार पुढे अभ्यासले गेले, तेव्हा त्यातले बहुतेक मूत्रपिंडाच्या मीठ राखण्यापाशीच येऊन पोचले.

सगळ्यांना गायटन पटले असं नाही. मूत्रपिंडाकडे मज्जातंतू जातात, मग तेच त्याला चुकीचं सांगत नसतील कशावरून? २००९ मध्ये मेलबर्नच्या हेन्री क्रम यांच्या चमूने धमनीतून बारीक नळी नेऊन हे तंतू उष्णतेने निकामी केले आणि रुग्णांचा दाब उतरलेला दिसला. पाच वर्षांनी मोठी चाचणी झाली. त्यात काही रुग्णांवर नुसतं शस्त्रक्रियेचं सोंग केलं होतं, आणि त्यांचाही दाब जवळपास तितकाच उतरला. अनेकांनी विषय संपला असं धरलं. काहींनी नळ्या सुधारल्या, रुग्ण नीट निवडले, सोंगाची तुलना कायम ठेवली आणि पुन्हा मोजलं. फरक दिसला, लहान पण खरा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने या उपचाराला परवानगी दिली. रक्तदाबाच्या दहातल्या नऊ रुग्णांत एकच असं कारण आजही सापडत नाही, आणि तंतू तोडल्यावर नेमका कुणाचा दाब उतरेल हे आधी सांगणारी खात्रीची तपासणीही अजून कुणाकडे नाही. सध्याच्या चाचण्या तीच शोधत आहेत.